टिकलीखालचा दिवा

२०२४ साल. मला एकाहत्तर संपून बहात्तरावं लागलं होतं. त्या वर्षी फेब्रुवारीत मी आमच्या गावाहून उल्हासनगरला जाऊन आलो, त्याची ही हकिकत.

हसू नका. लोक काशीला जातात, दुबईला जातात आणि आल्यावर चार माणसं बसवून सांगतात. आमचं गाव बदलापूरच्या पुढं, बारवी धरणाच्या रस्त्याला. तिथून उल्हासनगर म्हणजे सकाळी निघालेला माणूस दुपारी जेवायला घरी. मला तीन दिवस लागले. जो रस्ता जन्मभर तुडवला तो मला या खेपेला दिसला, कारण गाडी घटकेघटकेला बंद पडायची आणि मी उतरून उभा राहायचो.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण गाडीतलं मला कळतं, हे मी कोणालाही तोंडावर सांगेन. आमच्याकडचं गवत कल्याणच्या तबेल्यांना पोचवायचा टेम्पो मी चालवला. वाटेत टेम्पो बसला की मीच खाली शिरायचो. कार्बोरेटरचं जेट तोंडानं फुंकायचं, प्लग पॉलिश पेपरनं घासायचा, क्लचची वायर तुटली तर गाठ मारून घर गाठायचं. मेकॅनिकच्या दारात बाकावर बसून राहायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती.

जुनी फटफटी भंगारात गेली तेव्हा माझा मुलगा दिनेश म्हणाला, "बाबा, आता बास. कुठं जायचं तर मला फोन करा." तो बदलापुरात कात्रपला फ्लॅटमध्ये राहतो, नोकरी मुंबईला. म्हणजे मी फोन करायचा, त्यानं सुट्टी बघायची, मग त्यानं यायचं, मग मी जायचं. मी दुसऱ्याच आठवड्यात उल्हासनगरच्या हरेश शेठकडनं सेकंडहँड मोटारसायकल उचलली. फ्युएल इंजेक्शनवाली. हरेश म्हणाला, "चाचा, इसमें कार्बोरेटर नहीं. इसका अपना दिमाग है." मी म्हटलं, दिमाग मला आहे, गाडीला कशाला पाहिजे? पण सीट लांब होती. लांब पाहिजेच, कारण मागं ही बसते.

ही म्हणजे हौसा, माझी बायको. लग्न झालं तेव्हा आमची बैलगाडी होती. तेव्हापासून मी पुढं आणि ती मागं, असंच आम्ही सगळीकडं गेलो.

गाडी दारात आली तशी तिनं ओवाळली. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. मी पायरीवर नारळ फोडला, तिनं त्याचं पाणी तांब्यात धरलं आणि तांब्याच्या तांब्या गाडीवर रिता केला. चार थेंब शिंपडून भागवणारी बाई ती नाही. आमचे बैल होते तेव्हा पोळ्याला त्यांच्या पाठीवरनं ती असंच पाणी सोडायची, एका हातानं ओतत, दुसरा हात अंगावर फिरवत. टाकीवरनं, सीटखालनं, इंजिनावरनं पाणी निथळलं. "निवली बघा," ती म्हणाली. खोबरं आळीत वाटलं.

काही दिवसांनी गाडी बिघडली. उभी असली की धापा टाकायची, रेस आपोआप वर जायची, खाली यायची. चालताना गचके. कुठं थांबलं की बंद. मीटरवर इंजिनाचं चित्र असलेला एक पिवळा दिवा आहे, तो सारखा लुकलुकायचा, डोळा मारल्यासारखा. मी प्लग काढून घासला, फिल्टर झटकला, कार्बोरेटर शोधला. तो नव्हताच. दिव्याचा मला राग यायला लागला. हिच्याकडनं एक मोठी लाल टिकली मागून घेतली आणि दिव्यावर चिकटवली.

"दिवा झाकला म्हंजी रोग गेला काय?" हौसा म्हणाली.

"तू बस मागं."

ती बसली. बदलापूरच्या उड्डाणपुलावर, ऐन चढावर, गाडीनं दोन गचके दिले आणि मेली. मागं एक बस, बसच्या मागं सगळं बदलापूर हॉर्न वाजवतंय. कोणीतरी ओरडला, "ओ काका, घरी बसा ना नातवंडं खेळवत!" मी किक शोधत होतो. या गाडीला किक पण नाही. हौसा उतरली, पदर डोक्यावर घेतला, पूल उतरून खाली गेली आणि रिक्षात बसली. मी गाडी कशीबशी घरी आणली तेव्हा ती ओटीवर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी आता तुमचे मागं बसाची नाय."

"गाडी खराब दिली त्यानं."

"गाडीचं मी बोल्ले नाय."

त्या रविवारी तिच्या भाच्याची हळद होती, मुरबाडकडं, तिच्या माहेरी. तिनं दिनेशला फोन केला, की मला न्यायला ये. मला विचारलंसुद्धा नाही. तेव्हा मला स्पष्ट कळलं. रविवारी ही माझ्या मागं बसून माहेरच्या दारात उतरली नाही, तर पुन्हा कधी बसणार नाही. माणसं एकदा उतरली की उतरतात.

गुरुवार: बारवी रस्ता, कात्रप

सकाळी निघालो तो हरेशला गाडीचा जाब विचारायचा म्हणूनच. हिनं दिनेशसाठी वालाच्या शेंगांची पिशवी हँडलला अडकवली. बोलली नाही, पण पिशवीला गाठ घट्ट मारली होती.

थंडी सरत आली होती. भाताच्या खाचरांत वाल लवला होता, त्यात बगळे एकेक पाय उचलून चालत होते. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला मात्र पाटीमागून पाटी. उंच उंच इमारतींची चित्रं, हिरवळ, कारंजी, गोरी गोरी मुलं. गाडीनं पहिला दम तिथं सोडला, एका नव्या सोसायटीच्या गेटासमोर. मी उतरून सावलीत उभा राहिलो. आतला वॉचमन धावत आला.

"बाबा, गेट पे मत खड़ा करो. साब लोग का गाडी आता है."

"तुझं गेट नव्हतं तेव्हापासून मी इथं उभा राहतोय," मी म्हटलं. त्याला मराठी किती कळलं देव जाणे. पण मी खोटं बोललो नाही. त्या माळावर छातीइतकं गवत व्हायचं आणि टेम्पो मी तिथंच भरायचो. वॉचमन बिहारचा होता. मी थांबलोच आहे म्हटल्यावर त्यानं पाण्याची बाटली आणून दिली आणि विचारलं, "गाँव में खेती है?" आहे म्हटलं. "तो यहाँ धूप में काहे को घूमते हो?" त्याची दोन बिघे जमीन भावानं लाटली होती. तो माझ्याकडं असा बघत होता, जसा मी दिनेशच्या फ्लॅटकडं बघतो: हे असूनसुद्धा माणूस सुखी का नाही?

कात्रपपर्यंत आणखी दोनदा उतरलो. दिनेशच्या बिल्डिंगखाली पोचलो तेव्हा दुपार टळून गेली होती. तिथला वॉचमन म्हणाला, "व्हिजिटरची गाडी बाहेर लावा." मी म्हटलं, मी दिनेशचा बाप. तो म्हणाला, "हां, तेच. व्हिजिटर." आमच्या गावात पाहुण्याचे बैल आधी गोठ्यात घेतात, आपले बाहेर बांधतात. इथं उलटं. गाडी रस्त्यावर लावली आणि पिशवी घेऊन वर गेलो.

सूनबाईनं शेंगा बघून लगेच मीठ-ओवा घालून कुकरला लावल्या. चव बरी होती. मडक्यात, पाला घालून, विस्तवाखाली भाजलेल्याची नव्हे, पण बरी. दिनेश कामावरनं आल्यावर सोलत सोलत म्हणाला, "बाबा, हरेशशी भांडून काय होणार? जुनी गाडी म्हणजे जुनीच. रविवारी मी आईला कारनं नेतोय. तुम्ही पण या ना. मागं बसा आरामात."

"मागं?"

"पुढं तुम्हाला पट्टा लावायचा कंटाळा येतो ना, म्हणून म्हटलं."

त्यात टोमणा नव्हता. पोरगा प्रेमानंच बोलला. म्हणून जास्त लागलं. मी खाली जाऊन गाडी जागेवर आहे का बघून आलो, मग पुन्हा एकदा बघून आलो.

शुक्रवार: अंबरनाथ

अंबरनाथच्या अलीकडं गाडी इतकी हट्टाला पेटली की मी हार खाल्ली आणि कडेच्या एका गॅरेजमध्ये ढकलत नेली. गॅरेजवाला सावंत, मूळ मालवणकडचा, तोंडानं भरभरा. "ठेवा आजोबा, तासाभरात घोड्यासारखी पळवतो." त्यानं प्लग बदलला, फवारे मारले, कान लावून ऐकलं. मीटरवरची लाल टिकली बघून त्यानं हात जोडले. "आजींनी लावली असणार. पूजेची. मी हात लावत नाही हां." तिच्याखाली दिवा आहे हे सांगायचं म्हणजे तो मीच झाकला हेही सांगायला लागलं असतं.

तो गाडी खोलून बसला तेवढ्यात मी शंकराच्या जुन्या देवळाकडं चालत गेलो. टेम्पो चालवत होतो तेव्हा या देवळावरनं कितीदा गेलो, आत एकदाही नाही. काळा दगड, अंगभर कोरलेला. हत्ती, नाचणाऱ्या बाया, एकाच्या खांद्यावर दुसरा. आम्ही देवाला जातो तेव्हा पायऱ्या चढतो. इथं गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जायचं. विहिरीत उतरल्यासारखं. खाली गार, आणि वर बघितलं तर उघडं आभाळ.

लोक पिंडीवर ओतत होते. कोणी पाणी, कोणी दूध, एक बाई उसाचा रस घेऊन आली होती. सगळं ओतलेलं पिंडीच्या कडेनं फिरून दगडातल्या पन्हाळीला लागत होतं आणि निमूट निघून जात होतं. पुजाऱ्याला मी विचारलं, हे जातं कुठं? तो म्हणाला, "बाहेर. बांधणाऱ्यांनी आधी पाण्याची वाट काढली आजोबा, मग पिंड बसवली. नायतर एवढ्या वर्षांत देव बुडाला असता." मी तिथं बराच वेळ बसलो. गार होतं, आणि गॅरेजमध्ये जाऊन बाकावर बसायची घाई नव्हती.

परत आलो तर सावंतचा चेहरा उतरलेला. "आजोबा, पंप गेला. टाकीच्या पोटात असतो. टाकीत पेट्रोल थोडं थोडं घालता ना?"

घालतो. गवताच्या टेम्पोपासूनची सवय. कोणी काढून नेऊ नये म्हणून.

"त्यानंच जातो. नवीन मागवायला लागणार, सोमवार उजाडणार."

सोमवार. मला सोमवार घेऊन काय करायचा होता? मी म्हटलं, गाडी रात्रभर इथं राहू दे, सकाळी नेतो. सावंत म्हणाला, जाणार कशी? मी म्हटलं, जाईल. कात्रपला परतताना रिक्षात बसलो आणि रिक्षावाल्याच्या पाठीकडं बघत राहिलो. मागं बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही, पाठ दिसते. चालवणाऱ्याचा खांदा जरा आखडला तरी कळतं की त्याला भीती वाटली. हौसानं एवढी वर्षं माझी पाठ बघितली. पुलावर तिला काय दिसलं असेल?

शनिवार: उल्हासनगर

सावंतच्या दारातूनच एक रिक्षावाला पकडला. तो म्हणाला, "काका, टोचन देतो." त्यानं रिक्षात बसूनच डावा पाय बाहेर काढला, माझ्या गाडीच्या फूटरेस्टवर ठेवला आणि ढकलत निघाला. मी हँडल धरून राजासारखा बसलेलो, इंजिन बंद, आवाज त्याच्या रिक्षाचा. अंबरनाथ कुठं संपलं आणि उल्हासनगर कुठं लागलं ते कळलं नाही. दुकानांवर उलट्या बाजूनं लिहिलेली सिंधी अक्षरं दिसली तेव्हा म्हटलं, आलो.

उल्हासनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. इथं रस्ता म्हणजे दुकानाचाच पुढचा भाग. कपाटं रस्त्यावर, सोफे रस्त्यावर, जीन्सच्या निळ्या चिंध्या वाऱ्यावर. इथल्या माणसांचे बाप-आजे फाळणीत घर सोडून आले. लष्कराच्या बराकींत राहिले आणि त्याच बराकींतून त्यांनी बाजार काढला. आमच्याकडं माणूस जमिनीवरनं ओळखला जातो. यांच्याकडं जमीन उरलीच नव्हती, मग ते शब्दावर चालले. म्हणून बाजारात कोणाला चोर म्हणणं ही इथं लहान गोष्ट नाही. हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून मी हरेशच्या दुकानासमोर गाडी उभी केली आणि ओरडलो, "चोर आहेस तू! म्हाताऱ्याला फसवलंस!"

शेजारच्या गाळ्यांतली डोकी बाहेर आली. हरेश पन्नाशीचा, गोल, शांत माणूस. त्याचे कान लाल झाले.

"चाचा, पहले पानी पियो. झगड़ा बाद में."

"तुझं पाणी नको."

"पानी मेरा नहीं है, नगरपालिका का है. पियो."

कोणीतरी हसलं. मी पाणी प्यालो. मग त्यानं समोरच्या हातगाडीवरून दाल-पकवान मागवलं. वर चिंचेची गोड चटणी. मी म्हटलं, ज्याच्याशी भांडण त्याचं मी खात नाही. त्यानं माझी ताटली तशीच मोटारसायकलच्या सीटवर ठेवून दिली आणि हाक मारली, "लच्छूमामा!"

आतून एक म्हातारा आला, माझ्याच वयाचा, चष्म्याला दोरी. हा हरेशचा मामा. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता गाड्यांची वायरिंग बघतो. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही, सरळ मीटरकडं पाहिलं.

"ये क्या है?"

"टिकली."

"गाड़ी की शादी हुई क्या?" असं म्हणून त्यानं नखानं टिकली उचलली आणि माझ्या मनगटावर चिकटवून दिली. चावी फिरवली. दिवा लुकलुकला. लच्छूमामा बोटांवर मोजत होता. थांबला, पुन्हा लुकलुकला, पुन्हा मोजलं. "आठ. दोनों बार आठ. साईं, ये बेचारी कब से बोल रही है, आपने मुँह पे टिकली लगा दी!"

मग त्यानं समजावलं. आपण हातानं अ‍ॅक्सिलेटर किती पिळला ते एक सेन्सर गाडीच्या डोक्याला कळवतो. तेवढं पेट्रोल डोकं सोडतं. हा सेन्सर खोटं कळवतोय. हात पिळलेला नसताना पिळला म्हणतो, पिळला असताना नाही म्हणतो. डोकं गोंधळतं, गाडी गचके देते. "आठ का मतलब यही. पंप-वंप कुछ नहीं. सेन्सर नया डालो."

"नवीनच डालो," मी म्हटलं. "जुनी गाडी विकताना हे दिसलं नाही का?"

"बिकी तब ये लाइट नहीं थी!" आता हरेशचाही आवाज चढला. "मेरे बाप की कसम चाचा, नहीं थी!"

आम्ही दोघं तोंडाला तोंड देत होतो. ऐकणारे वाढत होते. बोलता बोलता माझी नजर सीटवरच्या ताटलीवर गेली. गटाराच्या कठड्यावरून मुंग्यांची एक रांग स्टँडवरून गाडीवर चढली होती. ताटलीच्या कडेनं ती गेली. चटणी होती, पकवानचा चुरा होता. काही मुंग्या तिथं वळल्या, पण रांग तशीच पुढं गेली आणि टाकीखाली शिरली.

मी शेतकरी माणूस. भाताच्या कणगीला कुठं भोक पडलं ते मी मुंगीवरून ओळखतो. समोरची चटणी सोडून मुंगी जाते, म्हणजे तिला आत जुनं गोड सापडलंय.

"हरेश," मी म्हटलं, "टाकी उचल."

"क्यों?"

"उचल रे बाबा. भांडू नंतर."

टाकी उचलली. लच्छूमामानं त्या सेन्सरला जोडलेला वायरचा जोड ओढून काढला. आत तांब्याच्या पिना हिरव्या पडलेल्या, वर चिकट पिवळा थर, आणि त्यात मुंग्या. त्यानं नाकाशी नेलं, वास घेतला, हरेशला दिलं. हरेशनं वास घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. आवाज एकदम खाली आला त्याचा.

"चाचा. घर पे पूजा की थी? नारियल का पानी डाला था क्या, ऊपर से?"

माझ्या डोळ्यांसमोर हौसा उभी राहिली, एका हातात तांब्या, दुसरा हात टाकीवरनं फिरवत. निवली बघा.

लच्छूमामानं तो जोड उलटा करून बघितला. "एक मिनिट, एक मिनिट. इसका रबर कहाँ है?" जोडाच्या आत पाणी जाऊ नये म्हणून रबराची चकती असते, ती नव्हती. आधी कधीतरी कोणीतरी उघडलं होतं आणि परत बसवलीच नव्हती. हरेशनं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "ठीक है. रबर मेरा, नारियल आपका. आधा-आधा."

असा न्याय मी पंचायतीत पण ऐकला नाही.

लच्छूमामानं फवारा मारला, दात घासायच्या ब्रशनं पिना घासल्या, वाऱ्यावर वाळवल्या, डब्यातून शोधून एक रबर बसवलं. बॅटरीची वायर काढून थोड्या वेळानं परत लावली, म्हणजे डोकं जुन्या तक्रारी विसरतं म्हणे. मी बसलो, बटण दाबलं आणि सवयीनं मनगट पिळलं. त्यानं हातावर चापट मारली.

"हाथ मत लगाओ! आप लोग कार्बोरेटर वाले, आप को चैन नहीं. उसको अपने आप साँस लेने दो."

दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. फार अवघड असतं ते. गाडी चालू आहे, जराशी अडखळतेय, आणि आपण काही करायचं नाही. ती थरथरली, वर गेली, खाली आली, आणि मग हळूहळू एका लयीत आली. दिवा विझला.

माफी मागायची मला सवय नाही. मी शेजारच्या गाळ्यांकडं तोंड केलं आणि मघाच्याच आवाजात म्हणालो, "या माणसानं गाडी चांगली दिलीय. माझं मी बघतो, पण गाडी चांगली दिलीय." सगळ्यांनी ऐकलं. मग मी सीटवरची ताटली उचलली, मुंग्या फुंकरल्या आणि दाल-पकवान खाल्लं. पकवान कडक, आमच्या पापडाचा मोठा भाऊ. डाळ मऊ, वर कच्चा कांदा. हरेश म्हणाला, "ठंडा हो गया, दूसरा मंगाता हूँ." मी म्हटलं, हेच पाहिजे.

परतीचा रस्ता मी फार हळू कापला, गाडी उत्तम पळत असून. आधी मला आनंद झाला होता, खोटं का बोलू? घरी जायचं आणि सांगायचं: गाडी चांगली, चालवणारा चांगला, घोळ तुझ्या तांब्याचा. ती काय बोलणार? रविवारी निमूट बसली असती मागं.

अंबरनाथच्या देवळाचा काळा दगड दिसला तेव्हा पुजाऱ्याची पन्हाळ आठवली. देवळात ओतलेलं बाहेर जायला वाट काढून ठेवलीय. गाडीत नाही ठेवली. त्यात ओतणाऱ्या हाताचा काय गुन्हा? आणि मी सांगितलं असतं तर ती बसली असती खरी, पण चूक केलेल्या बाईसारखी बसली असती, अंग चोरून. मला तशी नको होती मागं.

बदलापूरच्या पुलावर, त्याच चढावर, मी मुद्दाम गाडी थांबवली. मागचे ओरडले. ओरडू दिलं. पुन्हा निघालो. गाडीला काही नाही. माझे खांदे मात्र आखडले होते, ते मला कळलं. हौसाला पाठीवरून काय कळलं होतं तेही कळलं. घाटात, पावसात, ब्रेक नसलेल्या टेम्पोत ती माझ्याबरोबर न भिता बसली, कारण मी भीत नव्हतो. पुलावर मी घाबरलो होतो. गाडीचं मी बोल्ले नाय, हे ती खरं बोलली होती.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ती ओटीवर आली.

"काय झालतं?"

"रबर नव्हतं," मी म्हटलं. "एवढंसं रबर. आधीच्या कोणीतरी हरवलेलं. आता बसवलं." मग जोर करून पुढचंही बोललो, कारण ते पण खरं होतं. "पुलावर मी घाबरलो होतो. दिवा पेटत होता तो झाकायला नको होता."

तिनं माझं मनगट धरलं, तिथली टिकली काढली आणि आत निघून गेली. बसते म्हणाली नाही, नाही बसत म्हणाली नाही. दिनेशला नको येऊ म्हणून फोनही केला नाही.

ही हकिकत ती वाचणार नाही. तिला चष्मा लागलाय आणि ती लावत नाही. कोणी तिला वाचून दाखवलीच तर नारळाची जागा गाळावी, ही विनंती.

रविवार

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी पुसून अंगणात लावली आणि आत बघितलं नाही. जरा वेळानं ती आली. हळदीला नेसायचं जरीचं लुगडं, नाकात नथ, हातात ताट. ताटात कुंकू, झेंडू, नारळ आणि तांब्या.

"बरी होऊन आली ना," ती म्हणाली. "ओवाळते."

नाही म्हणायची सोय नव्हती. तिनं हँडलला कुंकू लावलं, टाकीवर स्वस्तिक काढलं. मी पायरीवर नारळ फोडला. तिनं पाणी तांब्यात धरलं आणि गाडीकडं वळली.

मी पुढं होऊन तिच्या हातातून तांब्या घेतला आणि तोंडाला लावला. अर्धा प्यालो.

"आवं! देवाचं हाय ते!"

"मला तहान लागलीय," मी म्हटलं, आणि उरलेला तिच्यापुढं धरला. "तू पण पी. लांब जायचंय. ऊन होईल."

ती तांब्याकडं बघत राहिली, मग गाडीकडं, मग माझ्याकडं. काय समजली, किती समजली, मी विचारलं नाही. नथ एका बाजूला धरून तिनं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. ताट ओटीवर ठेवलं. फोन काढून दिनेशला म्हणाली, "तू परस्पर ये रे तिकडं," आणि फोन कमरेला खोचला.

मी चढलो. गाडी जराशी दबली, तिचा हात खांद्यावर आला. मी बटण दाबलं, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून थांबलो.